मुंबई–लंडन : एका अंतराचा अडीचशे वर्षांचा हिशोब

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे आणि थेट विमानाने तिथे पोहोचायला साडेनऊ-दहा तास लागतात. फोनवर विचारलं तर हे दोन आकडे लगेच समोर येतात आणि आपण पुढच्या कामाला लागतो. पण या दोन आकड्यांची जात वेगळी आहे. पहिला आकडा पृथ्वीच्या गोलाईने ठरवलेला आहे. रघुनाथराव पेशव्यांच्या काळातही तो तेवढाच होता. दुसरा आकडा माणसांनी ठरवलेला आहे. वारा, कोळसा, कालवा, तह, युद्ध, पासपोर्ट या सगळ्यांनी मिळून तो घडवलाय. म्हणून पहिल्या आकड्याला इतिहास नाही, दुसऱ्याला आहे.

हा इतिहास सिन्नरमध्ये बसून सांगणं वरवर पाहता विचित्र वाटेल. इथे ना बंदर, ना विमानतळ. पण सिन्नर हे मुळात वाटेवरचंच गाव. सेऊणदेशाच्या यादवांची राजधानी देवगिरीला जाण्याआधी इथे होती, आणि गोंदेश्वराचं देऊळ त्या काळाची खूण म्हणून उभं आहे. नाशिक-पुणे रस्ता इथूनच जातो, शिर्डीची वाट इथूनच फुटते, आणि आता समृद्धी महामार्गही तालुक्यातून गेलाय. आमच्याकडे अंतर किलोमीटरमध्ये फारसं कुणी सांगत नाही. ‘पुणं किती लांब?’ याचं उत्तर तासांत येतं आणि त्याला एक शेपूट असतं : ‘चाकणला अडकलं नाही तर.’ जुन्या मराठीत यासाठी ‘मजल’ हा नेमका शब्द होता. एका दिवसात होईल तेवढी वाट म्हणजे एक मजल. चढ असेल, नदीला पूर असेल, तर मजल छोटी. अंतर आणि वेळ एकाच मापात बसवणारा हा शब्द आपण हरवला, पण ते शेपूट मात्र अजून शाबूत आहे.

या लेखाचं म्हणणं त्या शेपटाबद्दलच आहे. दोन दूरच्या शहरांमधला वेळ कमी झाला तो वेग वाढल्यामुळे, असं आपण धरून चालतो. हिशोब मांडून पाहिला तर वेगाचा वाटा त्यात वाटतो तेवढा मोठा निघत नाही. बाकीचा वेळ थांब्यांचा, वाट पाहण्याचा आणि मधल्या वाटेवर कुणाची सत्ता आहे याचा. सिन्नरपासून दीड-एक तासाच्या परिघात कोपरगाव, देवळाली आणि भगूर ही तीन गावं आहेत. मुंबई-लंडन अंतराच्या इतिहासातले तीन मोठे धडे या तीन गावांशी जोडलेले आहेत.

कोपरगाव : उशिरा आलेलं उत्तर

अठराव्या शतकात लंडनहून मुंबईला येणारं गलबत आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून यायचं. हा रस्ता सुमारे १९,८०० किलोमीटरचा. मोसमी वारे जुळून आले तर पाच-सहा महिने, नाही जुळले तर त्याहून जास्त. सहा महिने धरले तर दिवसाला ११० किलोमीटर होतात, म्हणजे ताशी साडेचार किलोमीटरच्या आसपास. माणूस चालतो तोच हा वेग. फरक इतकाच की गलबत रात्रीही चालायचं.

मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथे एका यंत्राने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या यंत्राकडून परत यायला लागणारा वेळ हा फार महत्त्वाचा मानला जातो. जाणं आणि येणं मिळून. मुंबईने लंडनला विचारलेल्या प्रश्नाचा हा जाण्या-येण्याचा वेळ त्या काळी वर्षभराचा होता. एका वर्षात प्रश्नच बदलून जातो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १७७३ च्या ऑगस्टमध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पुढे बारभाईंनी रघुनाथरावांना गादीवरून दूर केलं. रघुनाथराव मदतीसाठी मुंबईकर इंग्रजांकडे गेले आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. साष्टी आणि वसई इंग्रजांना द्यायची, त्या बदल्यात त्यांनी रघुनाथरावांना पेशवेपद मिळवून द्यायचं, असा तो व्यवहार. मुंबईच्या कौन्सिलने हा तह लंडनची परवानगी येईपर्यंत थांबून केला नाही. थांबणं शक्यच नव्हतं.

पण तोवर नियम बदलले होते. १७७३ च्या रेग्युलेटिंग अॅक्टने मुंबईवर कलकत्त्याची देखरेख आणली होती. कलकत्त्याच्या कौन्सिलला सुरतेचा तह मान्य नव्हता. त्यांनी कर्नल अप्टनला पाठवून १ मार्च १७७६ रोजी बारभाईंशी पुरंदरचा तह केला. त्यात रघुनाथरावांचा पाठिंबा काढून घेण्यात आला. आणि हे सगळं आटोपल्यावर काही महिन्यांनी लंडनहून संचालक मंडळाचा खलिता मुंबईत पोहोचला. त्यात काय होतं? सुरतेच्या तहाला मंजुरी!

म्हणजे एकाच कंपनीची तीन कार्यालयं आणि तिघांकडे जगाची वेगवेगळी प्रत. मुंबईकडे १७७५ ची, कलकत्त्याकडे १७७६ ची, आणि लंडनकडे पुन्हा जुनीच, पण सगळ्यात वरच्या शिक्क्याची. मुंबईकरांनी सोयीची प्रत उचलली. लंडनच्या मंजुरीच्या जोरावर त्यांनी रघुनाथरावांची बाजू सोडली नाही, १७७८ च्या अखेरीस पुण्यावर फौज काढली, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्या फौजेने शरणागती पत्करली. एक पत्र उशिरा आलं म्हणून युद्ध झालं, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. साष्टीचा लोभ होता, पुण्यातली दुफळी होती, मुंबई-कलकत्त्याची स्पर्धा होती. पण त्या उशिराने मुंबईला जो वाव दिला, तो नसता तर प्रत्येकाला आपापली कारणं जास्त उघडपणे मांडावी लागली असती.

रघुनाथरावांना हे कळलं असावं, कारण त्यांनी मधले दोन्ही टप्पे ओलांडून थेट लंडनला वकील पाठवायचं ठरवलं. हणमंतराव हा ब्राह्मण आणि मणियार हा पारशी गृहस्थ व त्याचा मुलगा, असे तिघं १७८१ मध्ये लंडनमध्ये होते. तिथे त्यांची बडदास्त नीट राखली जात नव्हती, तेव्हा पार्लमेंटचा सभासद एडमंड बर्क याने त्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी नेलं आणि हणमंतरावाला सोवळ्यात स्वयंपाक करता यावा म्हणून स्वतंत्र जागा दिली. हाच बर्क पुढे वॉरन हेस्टिंग्जवर खटला चालवणार होता.

या वकिलांच्या वाटेबद्दल विल्फर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय. त्याच्या म्हणण्यानुसार ते सुवेझपर्यंत समुद्राने गेले आणि परतताना इराणमार्गे आले. परत आल्यावर त्यांना जातीबाहेर मानण्यात आलं, आणि सोन्याच्या योनीतून पुनर्जन्म घेण्याचा विधी करून मग शुद्ध करून घेण्यात आलं. म्हणजे प्रवासाचा हिशोब लंडनहून घरी परतल्यावरही संपत नव्हता. किनाऱ्यावर पाऊल ठेवणं आणि पंगतीत पान मिळणं यांत आणखी एक अंतर होतं.

राजकीयदृष्ट्या या सगळ्याचं फळ काय? ते लंडनमध्ये होते त्याच्या पुढच्याच वर्षी, १७ मे १७८२ रोजी, सालबाईचा तह झाला. बोलणी महादजी शिंदे आणि हेस्टिंग्जचा प्रतिनिधी अँडरसन यांच्यात झाली. लंडनला विचारायला कुणी थांबलं नाही. रघुनाथरावांचा पेशवेपदावरचा दावा संपला, त्यांना महिना पंचवीस हजारांचा तनखा ठरला, आणि ते कोपरगावला येऊन राहिले. तिथेच त्यांचा शेवट झाला.

कोपरगावच्या गोदाकाठी त्यांच्या वाड्याबद्दल आजही सांगितलं जातं. त्याच तालुक्यात काकडी गावाजवळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी शिर्डीच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. ज्यांचं राजकारण मुंबई-लंडनच्या टपालात अडकून गेलं, ते रघुनाथराव जिथे अखेरचे दिवस मोजत बसले, तिथून काही किलोमीटरवर आता विमानं उतरतात.

कोळशाचे मुक्काम

हा वळसा टाळायचा तर तांबड्या समुद्राने सुवेझला जायचं, तिथून वाळवंट ओलांडून भूमध्य समुद्र गाठायचा. वाट जुनीच होती, पण तांबड्या समुद्रातले वारे शिडाच्या गलबतांना साथ द्यायचे नाहीत. म्हणून तिथे वाफ लागणार होती.

मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट २० मार्च १८३० रोजी सुवेझकडे निघाली. तिच्यात साधारण सहा दिवस पुरेल एवढ्या कोळशाची सोय होती. पण पहिला मुक्काम एडन, आणि तिथवर जायला दहा-अकरा दिवस. तेव्हा प्रवाशांच्या खोल्यांपासून मिळेल त्या जागेत कोळसा भरला. एडनला पोहोचली तेव्हा बोटीवर काही तासांपुरताच कोळसा उरला होता. सुवेझपर्यंत एकूण सुमारे ३३ दिवस लागले, आणि त्यातले सुमारे १२ दिवस बोट वाटेतल्या बंदरांत कोळसा भरत उभी होती.

हा आकडा मला फार बोलका वाटतो. प्रवासाचा एक तृतीयांशाहून जास्त वेळ बोट हलतच नव्हती. इंजिन दुप्पट ताकदीचं केलं असतं तरी हे बारा दिवस गेले नसते, उलट कोळसा जास्त लागून वाढलेच असते. मुंबई-लंडन अंतर कमी करण्याचा उपाय होता तो एडनला कोळशाची वखार असण्याचा. जानेवारी १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन बंदर जिंकून घेतलं. पुढची जवळजवळ एकशे तीस वर्षं ते त्यांच्याकडे होतं. वेळ वाचवण्यासाठी जमीन जिंकावी लागते, हा आगबोटींच्या युगाचा नियम.

तिकडे इजिप्तमध्ये थॉमस वॅगहॉर्न नावाचा माणूस सुवेझ ते अलेक्झांड्रिया या जमिनीवरच्या टप्प्याची व्यवस्था लावत होता. उंट, गाड्या, नाईलमधल्या होड्या, वाटेतले विसावे. १८४० च्या दशकात या वाटेने टपाल दीड महिन्याच्या आसपास पोहोचू लागलं. सहा महिन्यांचे दीड महिना झाले होते, अजून कालवा नसताना.

याच सुमारास साताऱ्याचे रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये होते. १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला धाडलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८४० पासून १८५३ पर्यंत तिथे राहिले. कंपनीच्या भागधारकांच्या सभा, पार्लमेंटच्या सभासदांच्या भेटी, छापील पत्रकं, कर्ज असा तो सगळा झगडा. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलंय.

ऑक्टोबर १८४७ मध्ये प्रतापसिंह काशीला वारले. ही बातमी लंडनला पोहोचायला काही आठवडे लागले असणार, आणि त्या आठवड्यांत त्यांचा वकील हयात नसलेल्या राजासाठी दाद मागत राहिला असणार. पुढच्या वर्षी साताऱ्याची गादीच खालसा झाली. तरी रंगो बापूजी आणखी पाच वर्षं लढले. रघुनाथरावांच्या वेळी लंडन इतकं दूर होतं की तिथे न्याय मागणं व्यर्थ ठरलं. रंगो बापूजींच्या वेळी अंतर चौथ्या हिश्शावर आलं होतं, निकाल मात्र बदलला नाही. टपाल लवकर पोहोचलं म्हणजे ऐकून घेतलं जातंच असं नाही.

देवळाली : थांबण्याचा ताप

१८६९-७० ही दोन वर्षं या हिशोबातली सगळ्यात मोठी. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुवेझ कालवा खुला झाला आणि मुंबई-लंडन समुद्री अंतर १९,८०० वरून सुमारे ११,६०० किलोमीटरवर आलं. मार्च १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता रेल्वेने जोडले गेले. आणि जून १८७० मध्ये पोर्थकर्नो, जिब्राल्टर, माल्टा, अलेक्झांड्रिया, सुवेझ, एडन या मार्गाने मुंबईपर्यंत समुद्राखालून तार आली. त्याआधी इराणच्या आखातातून जाणारी तार होती, पण तिचा भरवसा नव्हता.

तोवर बातमी आणि माणूस एकाच बोटीने प्रवास करायचे. १८७० नंतर ते वेगळे झाले. बातमी काही तासांत पोहोचू लागली, माणसाला मात्र तीन आठवडे लागत राहिले. ज्यूल व्हर्नने १८७२ च्या आपल्या कादंबरीत ऐंशी दिवसांचं जे वेळापत्रक मांडलं, त्यात लंडन ते सुवेझ सात दिवस आणि सुवेझ ते मुंबई तेरा दिवस धरले होते. वीस दिवस. हे कल्पित नव्हतं, रेल्वे आणि बोटींच्या प्रत्यक्ष वेळापत्रकातून तो हिशोब जुळत होता.

पण हे वीस दिवस तिकीट काढून पहिल्या वर्गाने जाणाऱ्याचे. साध्या गोऱ्या शिपायाचा हिशोब वेगळा होता, आणि तो देवळालीला समजतो.

१८६१ मध्ये देवळालीला लष्करी छावणी झाली. हिंदुस्थानात आलेल्या आणि मुदत संपवून मायदेशी परतणाऱ्या पलटणी इथे थांबायच्या. रेल्वे घाटाखाली मुंबईला जायची, आणि देवळालीची हवा मुंबईपेक्षा बरी, म्हणून ही जागा निवडली. अडचण अशी की सैनिक नेणाऱ्या बोटी साधारण नोव्हेंबर ते मार्च याच काळात सुटायच्या. ज्याची मुदत एप्रिलमध्ये संपली, त्याला पुढच्या हंगामापर्यंत देवळालीतच राहावं लागायचं. काम नाही, लढाई नाही, घरी जाण्याचा हुकूम हातात, आणि बोट नाही. उन्हाळा, हिवताप, दारू, कंटाळा. त्यातून काहींचं डोकं फिरायचं. इंग्रजीत ‘डूलॅली’ हा शब्द आला तो या देवळालीवरून. मूळ वाक्प्रचार ‘डूलॅली टॅप’, आणि त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’. आजही इंग्लंडमध्ये एखाद्याचं डोकं ठिकाणावर नाही असं म्हणायचं तर हा शब्द वापरतात. वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना नाशिकजवळचं हे गाव माहीत नसतं.

बोटीचा प्रवास तीन-चार आठवड्यांचा आणि बोटीची वाट पाहणं सहा-सात महिन्यांचं. त्या शिपायाला विचारलं असतं की लंडन किती लांब, तर त्याने कालव्याची लांबी सांगितली नसती.

भगूर : परवानगी

देवळालीला लागूनच भगूर आहे. तिथे जन्मलेले विनायक दामोदर सावरकर ९ जून १९०६ रोजी ‘पर्शिया’ बोटीने मुंबईहून निघाले आणि ३ जुलैला लंडनला पोहोचले. चोवीस दिवस. चार वर्षांनी, १ जुलै १९१० रोजी, अटकेतले कैदी म्हणून त्यांना ‘मोरिया’ बोटीवर चढवलं गेलं आणि २२ जुलैला ते मुंबईला आणले गेले. एकवीस दिवस. वाट तीच, वेळ जवळजवळ तोच, पण एकदा ते स्वतः निघाले होते आणि दुसऱ्यांदा त्यांना नेलं जात होतं. मधला मार्सेलिसचा थांबा सगळ्यांना ठाऊक आहे. इथे त्याची आठवण एवढ्यासाठी की थांबा म्हणजे नुसता वाया गेलेला वेळ नसतो. ती दुसऱ्या देशाची जमीनही असते. फ्रान्सच्या किनाऱ्यावर पकडलेला माणूस कुणाचा, हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल इंग्लंडच्या बाजूने लागला.

लोकमान्य टिळकांची गोष्ट याहून सरळ आहे. १९१८ मध्ये होमरूलच्या प्रचारासाठी ते लंडनला निघाले, कोलंबोपर्यंत पोहोचले, आणि तिथे पासपोर्ट रद्द झाल्याचं कळलं. परत यावं लागलं. मग चिरोलवरच्या खटल्याच्या निमित्ताने परवानगी मिळाली आणि ऑक्टोबरअखेर ते लंडनला पोहोचले. बोटी होत्या, कालवा होता, पैसे जमवले होते. तरी कोलंबोला उभ्या असलेल्या टिळकांसाठी लंडन अनंत अंतरावर होतं, कारण एक कागद रद्द झाला होता.

पहिल्या महायुद्धापर्यंत पासपोर्ट ही गोष्ट फारशी कुणाला माहीत नव्हती. प्रवास जसा जलद आणि स्वस्त होत गेला, तशी कागदाची भिंत उंच होत गेली. आगबोटीने अंतर मिटवलं, आणि ते पुन्हा उभं करण्याची सोय सरकारांनी करून घेतली.

हवेतले मुक्काम

मार्च १९२९ मध्ये इंपिरियल एअरवेजची लंडन-कराची सेवा सुरू झाली. सात दिवसांची. ऐकायला विमानसेवा, पण क्रॉयडनहून बासलपर्यंत विमान, तिथून जिनोआपर्यंत रेल्वे, मग पाण्यावर उतरणारं विमान, मग इजिप्तमध्ये पुन्हा रेल्वे, आणि कैरोहून पुढे कराचीपर्यंत मुक्काम करत करत पुन्हा विमान. रात्री उडता येत नसे. ‘मजल’ हा शब्द इथे पुन्हा तंतोतंत लागू पडतो.

कराचीहून पुढे टपाल आणण्याचं काम टाटांनी घेतलं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी एका इंजिनाच्या छोट्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूपर्यंत टपाल आणलं. त्याच कंपनीतून पुढे एअर इंडिया उभी राहिली आणि ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवाशांना घेऊन मुंबईहून लंडनला निघालं. कैरो आणि जिनिव्हा हे दोन थांबे. सुमारे एक दिवस.

१९६० मध्ये एअर इंडियाची बोइंग ७०७ जेट विमानं या मार्गावर आली. आणि इथे एक गंमत आहे. त्या ७०७ चा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास होता. आज आपण ज्या विमानात बसतो त्याचाही वेग तेवढाच आहे. साठ-पासष्ट वर्षांत प्रवासी विमानाचा वेग वाढलेला नाही. तरी मुंबई-लंडन प्रवास आणखी कमी झाला, कारण मधले थांबे गेले. इंजिनं कमी इंधनात लांब जाऊ लागली. ‘ह्यू लिंडसे’चा धडा पुन्हा एकदा : धावण्याचा वेग नव्हे, थांबण्याचा वेळ कमी झाला.

मधली जागा

आता आजचा हिशोब. मुंबई ते लंडन सरळ रेषा काढली, म्हणजे गोलावरची सर्वांत जवळची वाट, तर ती पाकिस्तान, इराण, कॅस्पियन, युक्रेन यांच्यावरून जाते. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. म्हणजे ७,२०० किलोमीटर हा आकडा पृथ्वीचा आहे खरा, पण त्या रेषेवरून आज कुठलंही भारतीय विमान उडत नाही. वळसा घ्यावा लागतो. केप ऑफ गुड होपइतका मोठा नसला तरी वळसाच.

माझ्या व्यवसायातही हेच आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई-लंडन सरळ तार असती तर जाऊन-येऊन ७२ मिलिसेकंद लागले असते. प्रत्यक्षात शंभराच्या वर लागतात, कारण तारा सरळ जात नाहीत. त्यातल्या बऱ्याच मुंबईहून अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र अशा जातात. ही १८७० च्या तारेची वाट आहे, आणि त्याआधीची वॅगहॉर्नची. २०२४ च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रात, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तारा तुटल्या, तेव्हा युरोपकडे जाणारी माहिती इतर मार्गांनी वळवावी लागली आणि भारतातल्या कित्येक कार्यालयांत काम मंदावलं. दीडशे वर्षांत तांब्याची काच झाली, पण मधली चिंचोळी जागा तीच राहिली.

माणसांसाठी कागद राहिलाच आहे. १९०६ साली लंडनला जायला व्हिसा लागत नव्हता. भारतीय पर्यटकांना आणि पाहुण्यांना ब्रिटनचा व्हिसा सक्तीचा झाला तो १९८६ मध्ये. आज तो मिळायला बोटांचे ठसे दिल्यापासून साधारण तीन आठवडे लागतात असं ब्रिटिश सरकारच सांगतं. तीन आठवडे! म्हणजे मुलाला भेटायला निघालेल्या सिन्नरच्या आई-वडिलांसाठी लंडन आजही जवळपास तेवढ्याच दिवसांवर आहे, जेवढ्या दिवसांवर ते ‘पर्शिया’ बोटीतल्या प्रवाशांसाठी होतं. फरक एवढाच की ते दिवस आता समुद्रात नाही, घरी बसून जातात.

उलट दिशेचा हिशोब वेगळा. परदेशी असलेल्या मुलाला घरी यायला कागद लागत नाही. म्हणून आता आमच्याकडे घरात कुणी गेलं की एक नवा प्रश्न विचारला जातो : ‘थांबायचं का?’ पंचवीस-तीस वर्षांपूर्वी परदेशातल्या मुलासाठी कुणी फारसं थांबत नसे. आता तिकीट मिळालं तर लंडनहून सिन्नरपर्यंत वीस-बावीस तास, हे भावकीतल्या म्हाताऱ्यांनाही पाठ झालंय. त्या तासांत विमानाचे तास निम्मे, बाकीचे विमानतळाचे आणि रस्त्याचे. बर्फाची पेटी त्या हिशोबाने मागवली जाते. प्रतापसिंहांची बातमी कित्येक आठवड्यांनी कळलेल्या रंगो बापूजींपुढे हा प्रश्नच नव्हता. अंतर कमी झालं की नवी जबाबदारी येते, ती पूर्वी कुणावर नसायची.

आणि शेवटी द्राक्षं. नाशिक जिल्ह्यातली द्राक्षं जानेवारीपासून न्हावा-शेवा बंदरातून युरोपला निघतात. थंड कंटेनरमध्ये, सुवेझमार्गे, साधारण तीन-साडेतीन आठवड्यांत ती तिथे पोहोचतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात येमेनच्या हूतींनी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि बड्या जहाज कंपन्यांनी ती वाट सोडली. २०२४ च्या हंगामात आपल्या द्राक्षांचे कंटेनर केप ऑफ गुड होपला वळसा घालून गेले. पाच-सहा आठवडे. भाडं वाढलं. घड तेवढे दिवस टिकतील का, पलीकडे काय भाव मिळेल, ही चिंता बागाइतदाराच्या वाट्याला आली.

सुरतेच्या तहाला मंजुरी देणारा खलिता ज्या वाटेने उशिरा आला, त्याच वाटेने, अडीचशे वर्षांनी, निफाड-दिंडोरीची द्राक्षं निघाली. जहाज पूर्वीपेक्षा कैक पटींनी मोठं, दिशा दाखवायला उपग्रह, कंटेनरमधलं तापमान घरबसल्या फोनवर. आणि बागाइतदाराचा व्यापाऱ्याला पहिला प्रश्न मात्र तोच, जो पूर्वी दर्यावर्दी एकमेकांना विचारत असतील : यंदा बोट कोणत्या वाटेने जाणार?